बाण विसरलेली डबी

सहा डब्या होत्या. पाचांवर बाण काढला, चार नंबरच्या डबीवर राहिला.

डबी म्हणजे पत्र्याची चौकट. साधारण साबणाच्या वडीएवढी, दोन्ही बाजूंची झाकणं निघणारी. उत्खननाच्या खड्ड्याची उभी भिंत, म्हणजे सेक्शन, थापीने आणि सुरीने साफ करायचा, त्यात ही चौकट हलक्या हाताने दाबायची, भोवतालची माती कोरायची आणि आतला ठोकळा न हलवता, न भुगा करता, चौकटीसकट बाहेर काढायचा. मग झाकणं, झाकणांवर टेप, टेपवर खड्ड्याचा नंबर, थराचा नंबर, तारीख. आणि बाण. बाणाचं टोक आभाळाकडे. ठोकळा जमिनीत होता तेव्हा त्याची वरची बाजू कोणती, एवढंच तो बाण सांगतो.

त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं. ताडपत्री ओढायची धावपळ सुरू झाली आणि मी हातातली डबी तशीच खोक्यात टाकली. दुसऱ्या दिवशी तो सेक्शन अर्धा मीटर मागे कापला गेला. परत जाऊन बघायला जागाच उरली नाही. रात्री खोका उघडला तेव्हा चूक लक्षात आली. ठोकळ्यात मधोमध एक काळा पट्टा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी फिकट पिवळी माती. कुठली बाजू वर, काही कळेना.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "आण ती पण," एवढंच म्हणाल्या. "काच करू. बोलली तर बोलेल."

बाणाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. माती ती माती. पुरातत्त्वात मातीच्या चाचण्या काही कमी होत नाहीत. माती चाळतात, पाण्यात कालवून वर तरंगणारे दाणे आणि कोळसे टिपतात, आम्लता मोजतात, फॉस्फेट मोजतात. त्यातून मातीत काय काय आहे ते कळतं. पण कशावर काय पडलं, कशाच्या पोटात काय शिरलं, आधी काय फुटलं आणि नंतर काय मुरलं, हे त्यातून कळत नाही. माती चाळणीत गेली की मांडणी मोडली. आमचं सगळं काम त्या मांडणीवर चालतं. सॉइल मायक्रोमॉर्फॉलॉजी हे नाव मोठं आहे, पण त्याचा अर्थ एवढाच: माती मोडायची नाही, बघायची.

हे सुचलं ते पुरातत्त्वाच्या बाहेरच्या माणसाला. वॉल्टर कुबिएना हा ऑस्ट्रियाचा मृदाशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये त्याने न मोडलेली माती सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं शास्त्र मांडलं. कुटून पूड केलेल्या नमुन्याचं मूळ मातीशी नातं किती, तर पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याचं त्या इमारतीशी असतं तेवढंच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. आमच्या डब्यांना अजूनही कुबिएना टिन म्हणतात. १९५०च्या दशकात लंडनमध्ये इयन कॉर्नवॉलने ही नजर पुरातत्त्वाकडे वळवली, आणि १९८९ मध्ये मारी-अन्येस कूर्ती, पॉल गोल्डबर्ग आणि रिचर्ड मॅकफेल या तिघांनी मिळून या विषयाचं हातपुस्तक लिहिलं. त्यानंतर उत्खननात आमच्यासारखी पत्र्याच्या डब्या घेऊन फिरणारी माणसं दिसू लागली.

मातीची काच करायला घाई चालत नाही. काच हा आमचा लॅबमधला शब्द. छापताना थिन सेक्शन लिहितात. ठोकळा आधी वाळवायचा. चिकणमाती वाळताना आक्रसते, तिला भेगा पडतात, आणि मग काचेतली भेग तीन हजार वर्षांपूर्वीची की आपल्या ओव्हनमधली, असा घोळ होतो. म्हणून ओल्या ठोकळ्यातलं पाणी कधी कधी ॲसिटोनने हळूहळू हुसकून लावतात. मग व्हॅक्यूमखाली पातळ केलेलं पॉलिएस्टर रेझिन मुरवायचं. ते कणाकणांमधल्या पोकळ्यांत शिरतं आणि घट्ट व्हायला आठवडे घेतं. तोवर लॅबभर रेझिनमधल्या स्टायरीनचा वास. तो घरी नेलेल्या ओढणीलाही येतो. ठोकळा दगडासारखा झाला की हिऱ्याच्या पात्याने त्याचा काप काढायचा, तोही पाण्याऐवजी तेल वापरून, कारण पाण्याने चिकणमाती फुगते. कापाची एक बाजू घोटून काचेला चिकटवायची आणि दुसरी बाजू घासत घासत ३० मायक्रॉनवर आणायची. ३० मायक्रॉन म्हणजे ०.०३ मिलिमीटर, माणसाच्या केसाहूनही पातळ. या जाडीला मातीतून उजेड आरपार जातो.

जाडी ओळखायची खूण मातीतच असते. क्वार्ट्झचा, म्हणजे वाळूतल्या गारेचा, कण ध्रुवीकृत प्रकाशात, म्हणजे पट्टीतून गाळून एकाच दिशेत कंप पावणाऱ्या उजेडात, पिवळसर दिसतोय तोवर काच जाड; करडा-पांढरा दिसला की थांबायचं. एक फेरा जास्त झाला तर काचेवर काहीच उरत नाही. माझ्या पहिल्या दोन काचा अशाच गेल्या. एखादी गोष्ट मातीमोल झाली असं आपण म्हणतो. माती स्वतः गेली तर काय म्हणायचं, ते मला त्या दोन कोऱ्या काचांकडे बघताना सुचेना.

पहिल्यांदा धड झालेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा, खरं सांगते, काही दिसलं नाही. म्हणजे खूप दिसलं, पण त्यातलं काय बघायचं ते उमगलं नाही. तपकिरी, करडं, मध्ये पांढऱ्या वाटा. त्या वाटा म्हणजे पोकळ्या. मॅडमनी दुसरी ध्रुवण पट्टी आत सरकवली आणि पोकळ्या एकदम काळ्या झाल्या, वाळूचे कण करडे-पांढरे चमकले, चुन्याचे कण फिक्या गुलाबी-हिरव्या रंगात उजळले. काच ठेवायची गोल बैठक फिरवली तसा क्वार्ट्झचा एकेक कण विझत आणि पेटत गेला, एका फेऱ्यात चार वेळा. "आता नावं ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "आधी शेजार बघ. कोण कुणाला चिकटून बसलंय ते."

मी अर्थात नावं ठेवली. पहिल्याच महिन्यात एका काचेत टोकदार, झगझगीत कणांचा घोळका सापडला आणि मी त्यावर दोन पानी टिपण लिहिलं. मॅडमनी एकदा डोळा लावला आणि हसल्या. काच घासायला वापरतो त्या कार्बोरंडमची पूड होती ती. माझ्याच हातची.

ती शरम पुढे कामाला आली, कारण या विषयात सगळ्यात जास्त फसवते ती डोळ्यांची खात्री. काळा थर दिसला की राख, लाल माती दिसली की चूल. बीजिंगजवळच्या चोऊकोउदियनच्या गुहेचंच बघा. १९२०च्या दशकापासून तिथे खोदकाम चाललं, प्राचीन मानवाचे अवशेष निघाले आणि तिथल्या काळ्या-करड्या थरांवरून माणसाच्या अगदी जुन्या चुली तिथे होत्या असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. १९९० च्या दशकात स्टीव्ह वायनर, गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या थरांचे न मोडलेले ठोकळे काढले. १९९८ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते चुलीवर पाणी ओतणारं होतं, आणि इथे हे शब्दशः घ्यायला हरकत नाही: ज्याला राख समजत होते त्यातला बराच भाग संथ पाण्यात बसलेल्या गाळाचे कागदासारखे पापुद्रे होता. बारीक, एकसारखे, आडवे. काळा रंग कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा. लाकडाच्या राखेची खूण त्यात सापडली नाही. जळलेली हाडं होती, पण हाड जळलेलं असणं वेगळं आणि त्या जागी कुणी चूल मांडलेली असणं वेगळं. त्यानंतर इतर थरांबद्दल विरुद्ध दावेही झाले आहेत. तो वाद चालू आहे, चालू राहो.

नाही म्हणणं हे या शास्त्राचं मोठं काम आहे, असं माझं मत आहे. भुई धोपटून झाल्यावर साप नव्हताच असं सांगणारा कुणालाच आवडत नाही, पण तो असावा लागतो.

आणि म्हणूनच हेच शास्त्र जेव्हा हो म्हणतं तेव्हा वजन पडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात डोळ्यांना चूल-बिल काहीच दिसत नव्हतं. २०१२ मध्ये फ्रान्चेस्को बेर्ना आणि गोल्डबर्ग यांच्या गटाने काचांमध्ये जळलेल्या हाडांचे सूक्ष्म तुकडे आणि गवत-पानांची राख दाखवली. त्यात मला सगळ्यात पटलं ते कणांच्या कडांचं वर्णन. राख नाजूक. वाऱ्याने किंवा पाण्याने ती वाहून आणली असती तर तिचे कोपरे झिजले असते. हे कण टोकदार होते, जिथे जळले तिथेच पडलेले. दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाचा पुरावा म्हणजे न झिजलेला एक कोपरा.

राखेबद्दल थोडं आणखी सांगते, कारण ती मला काचेत सगळ्यात जास्त आवडते. झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. लाकूड पेटलं की तापून ते कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्या खनिजाचे, होतात, पण मूळ स्फटिकाचा आकार तसाच राहतो. झाड गेलं, लाकूड गेलं, तरी त्याच्या पेशीत घडलेला स्फटिकाचा साचा राखेत शाबूत. चूल जागेवर असेल तर खाली तापून लाल झालेली माती, वर कोळसा, त्यावर राख, असा क्रम दिसतो. ती राख कुणी ओढून बाजूला लोटली असेल तर कोळसे आडवे पडतात आणि मातीचे गोळे मध्ये मिसळतात. टोपलीत भरून नेऊन कुठे ओतली असेल तर सगळं उलटंपालटं, कशाला कशाचा मेळ नाही. तिन्ही ठिकाणी घटक तेच. चाळून तोललं तर तिन्ही नमुन्यांचा आकडाही कदाचित तोच येईल. फरक फक्त कोण कुणावर पडलंय याचा. आणि त्या फरकातूनच कळतं की इथे कुणीतरी रोज चूल साफ करत होतं.

गोठ्यांचंही तसंच. गुरं आणि शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात चुन्याचे इवले गोळे तयार होतात, ५ ते २० मायक्रॉनचे. स्फेरुलाइट म्हणतात त्यांना. शेणातून, लेंड्यांतून ते जमिनीत येतात. ध्रुवीकृत प्रकाशात प्रत्येक गोळ्यावर काळी फुली दिसते आणि बैठक कितीही फिरवली तरी ती फुली जागची हलत नाही. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बैठक फिरवत बसले होते. मात्र माती आम्लधर्मी असेल तर हे गोळे विरघळून जातात. त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून तिथे जनावरं नव्हती, असं म्हणता येत नाही. असल्याची खात्री देणारी खूण नसल्याची खात्री देईलच असं नाही, हे मला कुठल्याही तर्कशास्त्राच्या वर्गापेक्षा शेणाने नीट शिकवलं.

या खुणा ओळखायच्या कशावरून, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर साधं आहे: कुणीतरी मुद्दाम तशी जमीन घडवून, वापरून, मग तिचे काप काढलेत. इंग्लंडमध्ये १९७२ पासून बट्सर इथे लोहयुगीन धर्तीची घरं बांधून शेती करून बघण्याचा प्रयोग चालला. तिथल्या जनावरं बांधलेल्या जमिनीचा आणि माणसं राहिलेल्या जमिनीचा काप वेगळा दिसतो. पहिलीत तुडवलेल्या गवत-शेणाची फॉस्फेटने घट्ट झालेली साय, दुसरीत पायांनी दाबलेली बारीक धूळ, राख, कोळशाची पूड. त्याहून धीराचा प्रयोग ओव्हर्टन डाउनचा. १९६० मध्ये खडूच्या माळावर एक बांध आणि शेजारी चर मुद्दाम तयार केला, आत निरनिराळ्या वस्तू पुरल्या, आणि ठरवलं की २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी तो कापून बघायचा. शेवटचा काप २०८८ मध्ये. ज्यांनी फावडं मारलं त्यांच्यातलं कुणी तो बघायला असणार नाही, हे ठरवतानाच सगळ्यांना माहीत होतं.

माणूस जमीन घडवतो आणि गांडूळ ती विस्कटतं. चार्ल्स डार्विनने हे कुणाच्याही आधी मोजून दाखवलं होतं. एका शेतात १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथे चर खणला तर पांढऱ्या तुकड्यांची रेघ ७ इंच खाली सापडली. तुकडे काही खाली गेले नव्हते. गांडुळांनी खालची माती वर आणून आणून त्यांना पुरलं होतं. काचेत गांडूळ ओळखू येतं ते त्याच्या बिळांवरून, विष्ठेच्या गोळ्यांवरून, आणि कधी कधी त्याच्या अंगात तयार होणाऱ्या चुन्याच्या मण्यावरून. आपण खापरं आणि मणी मोजत असतो, ते थर गांडुळांनी कितीदा उलटलेत याचा हिशोब आधी मागितला पाहिजे.

लंडनच्या पोटातला काळा थर हे त्याचं ठसठशीत उदाहरण. रोमन इमारतींच्या वर आणि मध्ययुगीन शहराच्या खाली जाड, काळसर, एकजीव मातीचा थर जागोजागी लागतो. डार्क अर्थ म्हणतात त्याला. आत थर नाहीत, भिंती नाहीत. तेव्हा शहर ओस पडलं आणि भाजीपाल्याची शेतं झाली, असं बरीच वर्षं धरून चालले. मॅकफेलने काचा केल्या तेव्हा त्या एकजीव मातीत कुड-मातीच्या भिंतींचे विरघळलेले तुकडे निघाले, चुनागच्चीचे कण, कोळसा, हाडं, विष्ठा. म्हणजे निदान काही ठिकाणी तरी तिथे घरं होती, माणसं होती, उकिरडे होते. लाकूड आणि मातीचं ते सगळं पडलं, कुजलं, आणि मुळांनी व गांडुळांनी इतकं घुसळलं की पडझडीचं तोंडच राहिलं नाही. दगडात बांधणाऱ्यांचा इतिहास टिकतो आणि मातीत राहणाऱ्यांचा ओसाडी म्हणून लिहिला जातो, याचा मला राग येतो, आणि तो राग या एका थरापुरता नाही.

याच्या उलट टोकाला तुर्कस्तानातलं चातालह्योयुक. ९ हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं, आणि आतल्या भिंतींना पांढऱ्या मातीचा हात एकावर एक, एका भिंतीवर शेकडो वेळा दिलेला. काचेत दोन पांढऱ्या हातांच्या मध्ये बारीक काळी रेघ दिसते. ती काजळी. घरात विस्तव पेटायचा, भिंत काळवंडायची, मग कुणीतरी पांढरा हात द्यायचं. वेंडी मॅथ्यूज यांनी तिथल्या जमिनींचे काप बघून दाखवलं की एकाच खोलीत ओट्यांवरची जमीन जवळपास निष्कलंक आणि भट्टीजवळची राखेने बरबटलेली. मध्ये भिंत नाही, पण पाय कुठे झटकायचे हे ठरलेलं होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडूच्या कपारीत ७७ हजार वर्षांपूर्वी लोकांनी लव्हाळ्याची अंथरुणं घातली आणि वर एका झाडाची पानं पसरली, ज्यांत डास-कीटकांना पिटाळणारी द्रव्यं आहेत. पुढे ७३ हजार वर्षांपूर्वीपासून ती अंथरुणं वेळोवेळी जाळून नवी घातलेली दिसतात. जळलेले पापुद्रे, त्यावर नवे, पुन्हा जळलेले. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी दोनदा वाचलं. अंथरूण जाळून टाकण्याइतकं ते कंटाळले होते की किडे फार झाले होते, हे काच सांगत नाही. मला मात्र किड्यांचीच बाजू पटते.

आता थोडी कुरकूर. आमचा अहवाल उत्खननाच्या ग्रंथात शेवटी जातो, परिशिष्टात, हाडं आणि बियांच्याही नंतर. तोवर मुख्य प्रकरणात "दाह-थर", "राहती जमीन", "ओसाड काळ" असे शब्द छापून झालेले असतात, आणि मागच्या पानावर आमची काच हळू आवाजात नाही म्हणत असते. पण दोष एकाच बाजूला टाकत नाही. आम्हीही कमी दावे केलेले नाहीत. पोकळ्यांच्या काठाला धुरकट चिकणमातीची साय दिसली की इथे जंगल तोडून नांगर फिरला, असं आमच्यातल्याच काहींनी बेधडक लिहिलं. तशी साय इतर कारणांनीही येते, हे नंतर कबूल करावं लागलं. आणि मूळ अडचण आहेच: हाताच्या पंजाहून लहान काचेवरून अख्ख्या घराबद्दल बोलायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ती जमते कारण भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. जमीन तशी नसते. दाराशी वेगळी, चुलीशी वेगळी, कोपऱ्यात वेगळी. म्हणून सहा डब्या. खरं तर साठ हव्यात.

काप काढून उरलेले ठोकळे आम्ही टाकत नाही. पूर्वी ती सवय होती, आता त्याला कारण आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेझिनमध्ये गोठवून वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या अशा ठोकळ्यांतून प्राचीन डीएनए मिळाल्याचं दाखवलं आहे. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेच्या ठोकळ्यांतून तर आदिमानवांचा डीएनएसुद्धा, आणि तोही ठोकळ्यात नेमका कुठे आहे, कुठल्या हाडाच्या कणात, ते बोट ठेवून. ज्यांनी ते ठोकळे भरले त्यांच्या डोक्यात हे नव्हतं. त्यांनी फक्त मांडणी मोडली नव्हती.

तर चार नंबर.

काच तयार व्हायला अडीच महिने लागले. खोदताना वहीत आम्ही सगळ्यांनी त्या काळ्या पट्ट्याला "जळीत थर" लिहिलं होतं: घराला आग लागली, घर पडलं, वर पिवळी माती साचली. काचेत आग नव्हती. काळा पट्टा हा एक थर नव्हताच. पातळ चिकणमातीचा एक हात, त्यावर राखेची आणि कोळशाच्या पुडीची दाबलेली साय, पुन्हा मातीचा हात, पुन्हा साय. मी अकरा हात मोजले, मॅडमनी नऊ. दोन ठिकाणी आमचं जमलं नाही, अजून जमत नाही. एका सायीत तांदळाच्या दाण्याएवढा हाडाचा तुकडा जागच्या जागी मोडलेला होता, दोन्ही भाग एकमेकांना जुळणारे, मध्ये बारीक फट. कुणाचा तरी पाय पडला होता.

म्हणजे चुलीजवळची जमीन. वर्षानुवर्षं वापरलेली, मळली की पुन्हा नीट केलेली. पण वर कोणती बाजू?

ते दोन दिवस मी काच सरळ आणि उलटी धरून बघत होते. मग मॅडमचं वाक्य आठवलं, शेजार बघ. प्रत्येक मातीच्या हाताच्या दोन कडा वेगळ्या होत्या. एक कड ओबडधोबड, तिच्या पलीकडच्या कचऱ्याच्या उंचवट्या-खळग्यांत बसलेली. दुसरी सपाट, फिरवलेल्या तळहातासारखी, आणि तिच्यात राखेचे कण बाहेरून आत रुतलेले. ओली माती खालच्या खाचखळग्यांचा आकार घेते. पाय पडतात ते वरच्या बाजूला. अकरा असोत की नऊ, सगळे हात एकाच दिशेला तोंड करून होते. शिवाय एका जुन्या बिळाच्या पोकळीत वाहून आलेला बारीक गाळ तळाशी बसला होता, वरून अगदी आडवा, भांड्यातल्या पाण्यासारखा. तोही त्याच दिशेला सपाट. दोन साक्षी झाल्या.

मी काच घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेले. त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. बैठक फिरवली, पट्टी काढली, पुन्हा घातली. बिळाशी थांबल्या.

"काढ बाण," त्या म्हणाल्या.

मी मार्कर घेऊन ठोकळ्यावर रेघ ओढायला लागले.

"अगं, सरळ नको. तुटक काढ."

तो ठोकळा अजून लॅबच्या कपाटात आहे, खालून दुसऱ्या फळीवर, बाकीच्या पाचांशेजारी. टेपवर माझ्या अक्षरात खड्ड्याचा नंबर, थर, तारीख. खाली तुटक रेघांचा बाण, आणि बाणाशेजारी मॅडमच्या बारीक अक्षरात एकच शब्द: काचेवरून.